मुलांकडे अमेरिकेत जाताय? स्क्रॅच तिकीट घेण्याआधी हा हिशेब करा

नागपुरात बर्डीवरच्या ठेल्यावर आपण घेतो ते सोडतीचं तिकीट. आज घ्यायचं, सोडतीची तारीख लक्षात ठेवायची आणि मग निकालाच्या कागदावर बोट फिरवत नंबर शोधायचा. १९६९ साली सुरू झालेली महाराष्ट्र राज्य लॉटरी आपल्याला अशीच माहीत आहे. पण मे महिन्यात ऊन ४५च्या घरात गेलं की जे आईबाबा चार-सहा महिन्यांसाठी लेकीकडे नाहीतर मुलाकडे अमेरिकेत जातात, त्यांना तिथल्या पेट्रोल पंपाच्या दुकानात वेगळाच प्रकार दिसतो. काउंटरच्या मागे पारदर्शक खणांत रंगीबेरंगी तिकिटांच्या लडी लटकत असतात. एक डॉलरपासून पन्नास डॉलरपर्यंतची तिकिटं. नाण्याने खरवडायचं की निकाल तिथल्या तिथे.

"जरा एक घेऊन बघू" म्हणून सुरुवात होते आणि बहुतेक जण चित्र बघून तिकीट निवडतात. चित्राचा निकालाशी काही संबंध नाही. निवडायला वाव आहे तो फक्त खेळ निवडण्यात, म्हणजे पन्नास प्रकारच्या तिकिटांपैकी कोणता प्रकार घ्यायचा यात. त्या प्रकारातलं नेमकं कोणतं तिकीट हातात येईल, यावर कुणाचाच ताबा नाही. काउंटरमागे एखादा गुजराती भाऊ भेटला तर गप्पा छान होतात, पण कोणतं तिकीट लागणार हे त्यालाही ठाऊक नसतं.

तिकीट छापतानाच निकाल लागलेला असतो

संगणकाने तयार केलेलं पहिलं आधुनिक स्क्रॅच तिकीट १९७४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात विक्रीला आलं. जॉन कोझा आणि डॅनियल बोवर या दोघांनी ते आणलं. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. एका खेळाची किती तिकिटं छापायची आणि त्यात कोणत्या रकमेची किती बक्षिसं घालायची, हे आधीच ठरतं. ती बक्षिसं सगळ्या छपाईत विखुरली जातात आणि वर करड्या रंगाचा थर चढतो. तुम्ही खरवडता तेव्हा बंद पाकीट उघडता, एवढंच. उजव्या हाताने खरवडा की डाव्या, टेकडीच्या गणपतीचं नाव घेऊन खरवडा, आत छापलेलं बदलत नाही.

यातून कामाची एक गोष्ट निघते. बक्षिसं मोजकी आहेत आणि ती एकेक करून संपत जातात. त्यामुळे एकाच खेळाचं तिकीट मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये सारख्याच किमतीला मिळत असलं तरी सारख्याच मोलाचं नसतं. पुढची सगळी कसरत यासाठीच आहे.

पायरी १ : घेता येतं का, ते बघा

अलाबामा, अलास्का, हवाई, नेवाडा आणि युटा या पाच राज्यांत राज्य लॉटरीच नाही. लास व्हेगास नेवाडात आहे, तरी तिथे लॉटरीचं तिकीट मिळत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी वय १८ पूर्ण हवं. नेब्रास्कात १९, तर आयोवा, ॲरिझोना, लुइझियाना आणि मिसिसिपीत २१. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने तिकीट घ्यायला सहसा आडकाठी नसते. पासपोर्टची प्रत जवळ ठेवा, कारण केस पांढरे असले तरी काही दुकानदार ओळखपत्र मागतात.

पैसे रोख न्या. बऱ्याच दुकानांत लॉटरीसाठी कार्ड चालत नाही. सुपरमार्केटमधल्या तिकिटाच्या मशीनमध्ये वीसची नोट घालून पाचचं तिकीट काढलंत, तर उरलेली चिल्लर ते मशीन बहुधा परत देत नाही. तेवढ्याची आणखी तिकिटं घ्यावी लागतात. नेमक्या रकमेच्या नोटा घेऊनच मशीनपाशी जा.

पायरी २ : मागची बारीक ओळ वाचा

प्रत्येक तिकिटाच्या मागे किंवा लॉटरीच्या संकेतस्थळावर "ओव्हरऑल ऑड्स" नावाची एक ओळ असते, उदाहरणार्थ "४.२४ मध्ये १". याचा अर्थ सरासरी सव्वाचार तिकिटांमागे एकावर काहीतरी लागतं. हा आकडा सगळ्या छपाईचा असतो. चार तिकिटं घेतली की एक लागणारच, असं त्यातून निघत नाही.

शिवाय "काहीतरी लागणं" यात तिकिटाच्या किमतीएवढंच बक्षीसही धरलेलं असतं. दहा डॉलरच्या तिकिटावर दहा डॉलर मिळाले की लॉटरीच्या हिशेबात तुम्ही विजेते, तुमच्या हिशेबात मात्र जैसे थे. त्या दहा डॉलरचं लगेच दुसरं तिकीट घेतलं जातं हे लॉटरीवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून अशी बक्षिसं भरपूर ठेवतात.

एक काल्पनिक खेळ घेऊन हिशेब करू. तिकीट १० डॉलरचं, छापली २४ लाख, म्हणजे एकूण विक्री २४० लाख डॉलर. बक्षिसं अशी:

१० डॉलरची २,४०,०००
२० डॉलरची २,४०,०००
५० डॉलरची ६०,०००
१०० डॉलरची २४,०००
५०० डॉलरची २,४००
५,००० डॉलरची ६०
५,००,००० डॉलरची ५

सगळी मिळून ५,६६,४६५ बक्षिसं. चोवीस लाखांना त्यांनी भागलं की ४.२४ येतात. आता दहा डॉलरवाली वगळा. उरली ३,२६,४६५, आणि प्रमाण थेट ७.३५ मध्ये १ वर घसरतं. दोन खेळांची तुलना करायची तर नेहमी या दुसऱ्या आकड्याने करा. पहिल्या आकड्यात देखणा दिसणारा खेळ दुसऱ्यात बऱ्याचदा उघडा पडतो.

बक्षिसांच्या रकमांची बेरीज १६६ लाख डॉलर, म्हणजे विक्रीच्या साधारण ६९ टक्के. शंभर डॉलर गेले की सगळ्या खेळणाऱ्यांना मिळून एकोणसत्तर परत. उरलेल्यात राज्याचा वाटा, छपाई आणि दुकानदाराचं कमिशन.

पायरी ३ : किंमत

महाग तिकीट टक्केवारीत बरं असतं, हे खरं आहे. एक डॉलरच्या तिकिटांवर परतावा बहुतेक राज्यांत साठ टक्क्यांच्या आसपास असतो. वीस-तीस डॉलरच्या तिकिटांवर तो सत्तर-पंच्याहत्तरपर्यंत जातो, काही ठिकाणी वरही. म्हणून "स्वस्तातली दहा घेण्यापेक्षा महागातलं एक घ्या" असा सल्ला सगळीकडे मिळतो.

सल्ला अर्धाच बरोबर आहे. एका डॉलरच्या तिकिटावर ६० टक्के परतावा म्हणजे सरासरी ४० सेंट गेले. तीस डॉलरच्या तिकिटावर ७५ टक्के म्हणजे साडेसात डॉलर गेले. तीस डॉलर खर्च करायचे हे आधीच पक्कं असेल तर एक महागडं तिकीट बरं, कारण एकेक डॉलरची तीस घेतली तर सरासरी १२ डॉलर जातील. पण दोन-तीन डॉलरची गंमत करायला निघालेला माणूस टक्केवारी ऐकून तीस डॉलर काढत असेल, तर त्याला सल्ला महागात पडला. तीस डॉलर म्हणजे आपले अडीच हजारांच्या वर, हे खिशात हात घालताना आठवायला हरकत नाही.

पायरी ४ : उरलेल्या बक्षिसांचा तक्ता

खरी निवड इथे होते आणि नव्वद टक्के लोक इथवर येतच नाहीत. प्रत्येक राज्याच्या लॉटरीचं अधिकृत संकेतस्थळ असतं. त्यात स्क्रॅच खेळांच्या पानावर "प्राइझेस रिमेनिंग" असा तक्ता सापडतो. कोणत्या रकमेची किती बक्षिसं सुरुवातीला होती आणि किती उरली, ते त्यात दिलेलं असतं. काही राज्यं उरलेल्यांऐवजी दिलेल्यांचा आकडा देतात. तिथे वजाबाकी करून घ्या.

आधी तिकिटावरचा गेम नंबर तक्त्याशी जुळवा, नुसतं नाव जुळवू नका. त्याच नावाचा खेळ वेगवेगळ्या किमतींत आणि वेगवेगळ्या वर्षांत येतो. चुकीच्या नंबराचा तक्ता वाचून केलेला हिशेब वाया जातो.

मग किती तिकिटं विकायची राहिली याचा अंदाज बांधा. हा आकडा बहुतेक राज्यं सरळ देत नाहीत, पण मधल्या बक्षिसांवरून तो काढता येतो. आपल्या उदाहरणात ५० डॉलरच्या ६०,००० पैकी १८,००० आणि १०० डॉलरच्या २४,००० पैकी ७,२०० उरली आहेत असं समजू. दोन्हीकडे तीस टक्के. बक्षिसं सगळीकडे विखुरलेली असल्याने तिकिटंही साधारण तीस टक्केच उरली असणार, म्हणजे ७,२०,०००.

आता वरच्या बक्षिसाकडे बघा. पाचपैकी किती उरली? तीस टक्क्यांच्या हिशेबाने दीड उरायला हवं होतं.

एकही उरलं नसेल, तर बाकीच्या बक्षिसांचे मिळून प्रत्येक तिकिटामागे सरासरी ५.८७ डॉलर उरतात. दहाचं तिकीट, परतावा ५९ टक्क्यांच्या आतच. तिकिटावर मात्र अजूनही सोनेरी अक्षरांत पाच लाख लिहिलेलं, आणि बऱ्याच राज्यांत अशी तिकिटं वरचं बक्षीस गेल्यावरही काही काळ विक्रीत राहू शकतात. तक्ता न बघणारा माणूस नेमका हीच उचलतो.

तीन उरली असतील, तर पंधरा लाख डॉलर ७,२०,००० तिकिटांत वाटले जातात. प्रत्येकामागे २.०८ डॉलरची भर पडून सरासरी ७.९६ होते, म्हणजे जवळपास ८० टक्के. तेच दुकान, तीच किंमत, तोच खेळ, आणि फरक एकवीस टक्क्यांचा. इतका फरक दुसऱ्या कोणत्याही युक्तीने पडत नाही.

पण ऐंशी टक्के म्हणजे तोटाच, आणि त्यातला मोठा हिस्सा अशा बक्षिसाचा आहे जे तुम्हाला लागणं जवळपास अशक्य आहे. खेळ सुरू झाला तेव्हा पाच लाख लागण्याची शक्यता ४,८०,००० मध्ये १ होती, आता २,४०,००० मध्ये १ झाली. दुप्पट झाली खरी. जामठ्याच्या स्टेडियममध्ये ४५ हजार लोक मावतात. ते पाच वेळा काठोकाठ भरलं, बाहेर आणखी पंधरा हजार उभे राहिले, आणि त्या सगळ्यांतून एकच नाव निघालं, तर ते तुमचं असण्याची ही शक्यता आहे.

तक्ता कुठे फसवतो

अंदाजासाठी ५० ते ५०० डॉलरमधलीच बक्षिसं धरा. पाच-दहा डॉलर लागलेली तिकिटं लोक खिशात विसरतात, कचऱ्यात टाकतात. ती "उरलेली" दिसतात आणि तिकिटं प्रत्यक्षापेक्षा जास्त उरल्याचा भास होतो. वरच्या टोकाला पाच-सातच बक्षिसं असतात, त्यांच्यावरून विक्रीचा अंदाज निघत नाही.

दुसरी अडचण जास्त त्रासाची. तक्ता सांगतो ते "अजून मागितलं नाही" एवढंच. मोठं बक्षीस लागलेला माणूस वकिलाला भेटतो, दोन महिने थांबतो, आणि तोवर तक्त्यात ते बक्षीस उरलेलंच दिसतं. म्हणून पाच टक्के तिकिटं आणि एक मोठं बक्षीस उरलंय असं दिसलं की डोळे लकाकतात, पण ते तिकीट बऱ्याचदा कुणाच्या तरी कपाटात पडलेलं असतं. उरलेली तिकिटं दहा टक्क्यांच्या खाली गेलेला खेळ सोडून द्या. चाळीस ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यानचा खेळ, आणि वरची बक्षिसं त्याहून जास्त प्रमाणात शिल्लक, एवढं जुळलं तर पुरे.

काही राज्यं चाललेल्या खेळाची पुन्हा छपाई करतात. मग एकूण बक्षिसांचा आकडा वाढतो आणि मागच्या आठवड्याचा हिशेब निकामी होतो. तक्ता त्याच दिवशी बघा. नुकताच बाजारात आलेला खेळ असेल तर तक्ता काहीच सांगत नाही, सगळं जागच्या जागी असतं. तिथे पायरी २ आणि ३ वरच भागवा.

लकी दुकान, नंबर आणि "गुपितं"

तिकिटं बंडलात येतात आणि प्रत्येकावर क्रमांक असतो. बऱ्याच खेळांत प्रत्येक बंडलात लहान बक्षिसांची ठरावीक किमान रक्कम पडेल अशी सोय छपाईतच केलेली असते. त्यावरून "या लडीत बराच वेळ काही लागलं नाही, आता लागेल" अशी अटकळ निघते. लहान बक्षिसांपुरता त्यात थोडा अर्थ आहे. पण आधीची तिकिटं कुणी घेतली आणि त्यांना काय लागलं हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, आणि मोठ्या बक्षिसाला हा नियम लागूच नाही. "इथे दहा लाख लागले होते" अशी पाटी लावलेल्या दुकानात फक्त जास्त तिकिटं विकली जातात.

तिकीट ओळखण्याची युक्ती एकदा खरोखर सापडली होती. टोरंटोचे संख्याशास्त्रज्ञ मोहन श्रीवास्तव यांच्या २००३ साली लक्षात आलं, की फुली-गोळ्याच्या एका खेळात वर उघडे छापलेले आकडे आतल्या निकालाची चुगली करतात. जो आकडा सगळ्या चौकटींत मिळून एकदाच येतो, असे तीन एका रांगेत आले की ते तिकीट बहुधा लागणारं. त्यांनी वीस न खरवडलेली तिकिटं लागणारी आणि न लागणारी अशा दोन ढिगांत लावून ऑन्टारियोच्या लॉटरी महामंडळाला पाठवली. एकोणीस बरोबर निघाली आणि तो खेळ मागे घेतला गेला. त्यानंतर छपाईवाले सावध झाले. आज जो कुणी व्हिडिओत "कोड" विकतो, त्याने तो स्वतः वापरून चार तिकिटं घेतली असती तर तुम्हाला विकायची वेळच आली नसती.

काउंटरवर

तिकीट लडीतून तुमच्यासमोर फाडून घ्या. सुटं, काउंटरवर पडलेलं किंवा कुणी "मला नको" म्हणून देऊ केलेलं घेऊ नका. थरावर टाचणीने बारीक रेघ मारून आतला निकाल आधीच बघणारे लोक असतात, आणि न लागणारी तिकिटं मग गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात. तिकीट उजेडात तिरकं धरलं की अशी रेघ दिसते.

खरवडण्याआधी मागे नाव लिहून सही करा. सही नसलेलं तिकीट ज्याच्या हातात, त्याचं. घरी जाऊन टेबलावर कागद पसरा आणि नाण्याच्या कडेने हळू खरवडा, चावीने भोक पडतं. "काढू नये" असं लिहिलेला पट्टा चुकूनही खरवडू नका, तिकीट बाद होऊ शकतं. निकाल स्वतः बघा, मग लॉटरीच्या ॲपवर किंवा दुकानातल्या तपासणी मशीनवर बारकोड दाखवून खात्री करा, आणि त्यानंतरच तिकीट दुकानदाराच्या हातात द्या. "काही नाही लागलं" असं म्हणून कुणी तिकीट स्वतःकडे ठेवत असेल तर परत मागा.

लागलंच तर

साधारण ६०० डॉलरच्या आतलं बक्षीस दुकानातच मिळतं. त्यावरचं लॉटरीच्या कार्यालयात जाऊन किंवा टपालाने. परदेशी पाहुण्याच्या लॉटरीच्या बक्षिसावर अमेरिकेत ३० टक्के केंद्रीय कर आहे. गंमत म्हणजे ब्लॅकजॅक किंवा रुलेच्या टेबलावर जिंकलेल्या रकमेला हा कर लागू नाही, लॉटरीला आहे. काही राज्यांचा कर वर वेगळा. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, आणि कॅलिफोर्निया स्वतःच्या लॉटरीच्या बक्षिसावर तो लावत नाही.

सहा महिन्यांनी परत येणारा माणूस भारतातही बहुधा निवासीच राहतो, त्यामुळे ते उत्पन्न इथेही दाखवावं लागतं. इथे लॉटरीला सरळ ३० टक्के दर आणि वर सेस, स्लॅबची सूट नाही, न लागलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. तिकडे कापलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. त्यासाठी कापल्याचा कागद जपून आणा आणि रिटर्न भरण्याआधी सीएला दाखवा.

जावयाच्या नावावर तिकीट लावून कर वाचवण्याची कल्पना हमखास निघते. सही ज्याची, बक्षीस त्याचं. नंतर पैसे मागायची वेळ आली तर ना कायदा मदतीला येतो, ना नातं.

नागपुरात बसून

परत आल्यावर तिकडची तिकिटं ऑनलाइन मागवण्याचा मोह होतो. फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला सरळ बंदी आहे. कार्ड चाललं म्हणून व्यवहार कायदेशीर ठरत नाही. आणि टपालाने स्क्रॅच कार्ड येतं, खरवडलं की कार किंवा बारा लाख लागलेले असतात, मग "प्रक्रिया शुल्क" म्हणून काही हजार मागतात, ती सरळ फसवणूक. बक्षीस देण्याआधी खरी लॉटरी पैसे मागत नाही. पैसे भरून बसला असाल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

निघण्याआधी दोन आठवडे

बक्षीस मागण्याची मुदत राज्यागणिक वेगळी असते, ६० दिवसांपासून वर्षापर्यंत. कार्यालयात प्रत्यक्ष जाणं हाच सोपा रस्ता, आणि तो विमानात बसण्याआधीपर्यंतच खुला असतो. पर्स, जॅकेटचे खिसे, गाडीतला ग्लोव्ह बॉक्स आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेले कागद एकदा तपासा. जी तिकिटं नीट बघितली नाहीत ती ॲपवर पुन्हा बघा. लागलेलं मोठं असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि पासपोर्ट घेऊन कार्यालयात जा. सोनेगाव विमानतळावर उतरल्यावर बॅगेतून वीस डॉलरचं लागलेलं तिकीट निघालं, तर ते परत पाठवायच्या कुरिअरलाच वीस डॉलरहून जास्त लागतात.